दवाखान्याची रंगीत तालीम

गणेशोत्सवात आळीतल्या मंडळींनी नाटक बसवायचे ठरवले की महिनाभर आधी तालमी सुरू होतात. संवाद पाठ झालेले असतात, तरीही तालीम चुकत नाही. कोणी कुठून यायचे, कोणी कुठे उभे राहायचे, दिवा कोणी लावायचा, पडदा कोणी ओढायचा, हे सगळे पुन्हा पुन्हा करून पाहिले जाते. शेवटी कपडे आणि रंग चढवून रंगीत तालीम होते. एवढे करूनही प्रयोगाच्या दिवशी एखादा नट अडखळलाच, तर पडद्याआडून प्रॉम्प्टर वाक्य पुरवतो आणि वेळ निभावून नेली जाते.

दवाखान्यातला आणीबाणीचा प्रसंग मात्र अनेक ठिकाणी तालमीशिवायच येऊन उभा राहतो. बाळंतपण झाले आणि बाळ रडलेच नाही. केसपेपरच्या रांगेत उभा असलेला माणूस अचानक कोसळला. वॉर्डात सलाईन चालू असताना धूर दिसू लागला. घाटात एस.टी. उलटली आणि एकाच वेळी तीस जखमी दारात आले. अशा वेळी तिथे हजर असलेल्या माणसांनी काय करायचे आणि कोणत्या क्रमाने करायचे, हे पुस्तकात शोधायला सवड नसते. ते त्यांच्या हातांना आधीच माहीत असावे लागते. आज या सदरात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आणीबाणीच्या प्रशिक्षणाविषयी, आणि विशेषतः त्या प्रशिक्षणानंतर नेमाने व्हायला हव्या असलेल्या सरावाविषयी लिहितो आहे.

काही वाचक म्हणतील, हा तर डॉक्टर आणि नर्स यांचा विषय, आमचा यात काय संबंध? संबंध असा की त्या रात्री टेबलावर असतो तो आपल्याच घरातला कोणीतरी. दुसरे असे की, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या रुग्ण कल्याण समितीत आपल्यातलीच माणसे बसतात. त्यांनी काय विचारायचे हे ठाऊक असेल, तर पुष्कळ गोष्टी सुधारतात.

घड्याळाचे गणित

आधी थोडा हिशेब मांडू. हृदय बंद पडले की मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो आणि साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. त्या काळात कोणीच छाती दाबली नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते.

नवजात बाळाचे घड्याळ याहून वेगाने पळते. साधारण दहापैकी एका बाळाला जन्मतः श्वास सुरू व्हायला थोडीफार मदत लागते. बहुतेकांना कोरडे करून, ऊब देऊन, पाठ चोळली की पुरते. ज्यांना पुरत नाही त्यांना पहिल्या मिनिटाच्या आत मास्क लावून अंबू बॅगेने हवा द्यावी लागते. डॉक्टर मंडळी या मिनिटाला ‘सुवर्ण मिनिट’ म्हणतात.

बाळंतपणानंतर आईला जोराचा रक्तस्राव सुरू झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर धडधाकट बाई सुमारे दोन तासांत दगावू शकते. मण्यार किंवा नाग चावलेल्या माणसाच्या पापण्या जड होऊ लागल्या, गिळता येईना, की पुढचा धोका श्वास थांबण्याचा असतो. तो कधी थांबेल हे सांगता येत नाही.

आता यात १०८ ची गाडी बसवून पाहा. महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेल्या या सेवेने असंख्य जीव वाचवले आहेत, आणि गाडीत डॉक्टर असतो ही मोठीच सोय आहे. पण ती कितीही वेगाने आली तरी एका मिनिटात येत नाही. स्पेशालिस्ट तर जिल्ह्याच्या गावी असतो. म्हणजे सुरुवातीची मोलाची मिनिटे सांभाळतात ती रात्रपाळीची सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय, कंपाउंडर, आशाताई आणि कधीकधी दारावरचा वॉचमन. आणीबाणीचे प्रशिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर डॉक्टर येतो. प्रत्यक्षात त्याची सर्वांत जास्त गरज या माणसांना असते.

ठाऊक असणे आणि करता येणे

लहानपणी आपण विहिरीत पोहायला शिकलो ते पुस्तक वाचून नव्हे. पाठीला सुकलेला भोपळा बांधून कोणीतरी ढकलून दिले, चार घोट पाणी प्यालो, मग हातपाय चालू लागले. आणीबाणीतली कामे याच जातीची आहेत. छाती किती दाबायची? मोठ्या माणसाची ५ ते ६ सेंटिमीटर. किती वेगाने? मिनिटाला १०० ते १२० वेळा. हे वाक्य पाठ करायला अर्धे मिनिट पुरते. पण पहिल्यांदाच दाबणारा माणूस बहुधा भीतीने कमी दाबतो, किंवा घाईने फार भराभर दाबतो, आणि दोन मिनिटांत दमतो. ५ सेंटिमीटर म्हणजे किती हे मनगटाला आणि खांद्यालाच कळावे लागते.

म्हणून प्रशिक्षणासाठी रबरी पुतळे निघाले. या पुतळ्याची गोष्ट गमतीची आहे. नॉर्वेमधील आस्मुंड लेअरडाल हा मूळचा खेळणी तयार करणारा कारखानदार. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याने १९६० च्या सुमारास, जिला श्वास देता येईल आणि जिची छाती दाबता येईल, अशी माणसाएवढी बाहुली बनवली. पुढे जगभरच्या लक्षावधी लोकांनी त्या बाहुलीवर हात बसवून घेतला.

पण बाहुलीवर एकदा हात बसला म्हणून काम संपत नाही. टांझानिया या आफ्रिकेतील देशात, हायडम नावाच्या गावच्या मिशन रुग्णालयात, याचा फार चांगला पडताळा आला. २०१० साली तिथल्या कर्मचाऱ्यांना नवजात बाळाला श्वास देण्याचे एक दिवसाचे प्रशिक्षण मिळाले. काही महिन्यांनी तपासले, तर बाहुलीवर त्यांचे काम सुधारलेले दिसले. प्रसूतिगृहात खऱ्या बाळाच्या वेळी मात्र त्यांच्या वागण्यात फारसा फरक पडलेला नव्हता. मग त्या रुग्णालयाने पद्धत बदलली. एक दिवसाच्या शिबिरावर न थांबता, कामाच्या जागीच, थोडा थोडा पण वरचेवर सराव सुरू केला. दर आठवड्याला काही मिनिटे बाहुलीवर हात चालवायचा आणि महिन्यातून एकदा जरा जास्त वेळ बसायचे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जन्मानंतरच्या २४ तासांत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण हजारी सुमारे अकरावरून सुमारे सातवर आले. रुग्णालय तेच होते आणि गावही तेच होते. वाढला होता तो सराव.

मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो, कारण त्यात आपल्याकडच्या दुखण्याचे निदान आहे. आपल्याकडे प्रशिक्षण होतच नाही असे नाही. नवजात बाळांसाठी ‘नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम’ २००९ साली सुरू झाला. प्रसूतिगृहांसाठी ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम २०१७ साली आला. सिस्टर जिल्ह्याला जाऊन दोन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन येतात, प्रमाणपत्र फाइलला लागते, आणि पुष्कळदा विषय तिथेच संपतो. पण हातांची ही विद्या न वापरल्यास तीन ते सहा महिन्यांत गंजू लागते, असे पाहणीत वारंवार दिसले आहे. ज्या उपकेंद्रात महिन्याला दोन-तीनच बाळंतपणे होतात, तिथे न रडणारे बाळ वर्षातून एखाद्या वेळीच येणार. तोवर दोन वर्षांपूर्वीचे प्रशिक्षण कितपत हाती राहणार? जिथे रुग्ण कमी तिथे सरावाची गरज अधिक, हे उलटे गणित ध्यानात घेतले पाहिजे.

तालीम कशी करायची?

यासाठी मोठा हॉल, पाहुणे, हारतुरे काही लागत नाही. वीस मिनिटे पुरतात. आमचा दवाखाना लहान आहे: एक सिस्टर, एक कंपाउंडर, एक मावशी आणि मी. महिन्यातून एका दुपारी ओपीडी आटोपली की आम्ही तालीम करतो. एकदा ‘रुग्ण बाकावरून कोसळला’, एकदा ‘इंजेक्शननंतर रिॲक्शन आली’, एकदा ‘साप चावलेला आला’. छाती दाबण्याचा सराव रेक्झिनच्या घट्ट गुंडाळलेल्या गादीवर करतो. जिवंत माणसाच्या छातीवर हा सराव कधीही करू नये. मावशी १०८ ला फोन केल्याचा अभिनय करतात आणि पत्ता मोठ्याने सांगतात. गाव, रस्ता, जवळची खूण, रुग्णाला काय झाले आणि आपला फोन नंबर, एवढे न अडखळता सांगणे हेसुद्धा शिकावे लागणारे काम आहे.

तालमीत तीन गोष्टींवर भर असावा.

पहिली गोष्ट, ज्याचे काम त्याला ठरवून द्यावे. कोण छाती दाबणार, कोण अंबू बॅग धरणार, कोण औषध भरणार, कोण वेळ लिहिणार आणि कोण नातेवाइकांना बाहेर घेऊन जाणार. हे आधी ठरले नसेल तर चारजण एकाच सलाईनपाशी धावतात आणि ऑक्सिजनपाशी कोणीच नसते.

दुसरी गोष्ट बोलण्याची. ‘कोणीतरी ऑक्सिजन लावा रे’ असे म्हटले की तो बहुधा कोणीच लावत नाही. नाव घेऊन सांगावे, ऐकणाऱ्याने ते मोठ्याने परत म्हणावे, आणि काम झाल्यावर ‘लावला’ असे कळवावे. औषधाचे नाव आणि मात्रा यांच्या बाबतीत तर हा नेम जीव वाचवतो.

तिसरी गोष्ट तालमीनंतरची. पाच मिनिटे सगळ्यांनी बसून बोलावे, पण ‘कोणाचे चुकले’ हा प्रश्न न विचारता ‘काय अडले’ हे विचारावे. ज्या दवाखान्यात मावशीला बोलायची भीती वाटते, तिथे मावशीला दिसलेली अडचण मोठ्या साहेबांना कधीच कळत नाही. आणि अडचणी पुष्कळदा तिलाच दिसतात.

अशा तालमीत काय काय सापडते, त्याचीही यादी सांगतो. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला असतो, पण तो उघडायची चावी दुसऱ्या खोलीत असते. बॅटरीचे सेल पाझरलेले असतात. मोठ्यांचा मास्क आहे, बाळाचा नाही. सक्शनची नळी तडकलेली. ॲड्रिनलिनच्या बाटलीवरची तारीख उलटून गेलेली. इमर्जन्सीचे कपाट कुलूपबंद, आणि किल्ली दिवसपाळीच्या सिस्टरच्या पर्समध्ये. यातली एकही गोष्ट दुरुस्त करायला मोठा खर्च येत नाही. ती तालमीत सापडली तर पाच मिनिटांत दुरुस्त होते. खऱ्या प्रसंगात सापडली तर उशीर झालेला असतो.

रक्तस्रावाच्या बाबतीतही असेच आहे. बाळंतिणीचे रक्त किती गेले हे नुसत्या डोळ्यांनी पाहून नेहमी कमीच वाटते. आफ्रिकेतील चार देशांतल्या ८० रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. तिथे बाळंतिणीखाली खुणांची पिशवी असलेले प्लॅस्टिकचे कापड ठेवले, म्हणजे रक्त मोजता येऊ लागले. ठरावीक खुणेवर रक्त आले की कोणते चार-पाच उपचार एकदमच सुरू करायचे, हे कर्मचाऱ्यांना शिकवले. गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाले. साधे कापड आणि पक्का सराव यांची जोडी किती काम करते, त्याचे हे उदाहरण.

आग लागली तर

२०२१ हे वर्ष महाराष्ट्रातील रुग्णालये विसरू शकणार नाहीत. ९ जानेवारीच्या रात्री भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली. दहा बाळे गेली, सात बाळांना बाहेर काढता आले. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब घसरला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण गेले.

या घटनांमधला दोष कोणाचा हे ठरवणे चौकशी समित्यांचे आणि न्यायालयांचे काम. मला मुद्दा मांडायचा आहे तो वेगळाच. तपासणी होते ती वस्तूंची: वायरिंग, लाल नळकांडी, बाहेर पडायचा दरवाजा. ती व्हायलाच हवी. पण वस्तूंबरोबर माणसांचीही तपासणी हवी. धूर दिसताच पहिल्या तीन मिनिटांत कोण काय करणार, हे रात्रपाळीच्या प्रत्येकाला ठाऊक आहे का?

रुग्णालयातली आग घरातल्या आगीपेक्षा वेगळी असते. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्या वस्तूला तो भडकवतो. म्हणून वॉर्डाचा ऑक्सिजन बंद करायचा वाल्व्ह कुठे आहे आणि तो बंद करण्याचा निर्णय कोणी घ्यायचा, हे आधीच ठरलेले हवे; कारण वाल्व्ह बंद केला की ज्यांचा श्वास ऑक्सिजनवर आहे त्यांना सुटे सिलिंडर आणि अंबू बॅग लागणार. माणसे ज्वाळांपेक्षा धुराने आधी गुदमरतात, म्हणून खाली वाकून चालायचे आणि मधली दारे बंद करत जायचे. सर्वांत आधी आगीच्या जवळच्यांना हलवायचे. सगळ्यांना जिन्याने खाली नेण्याची घाई न करता, आधी त्याच मजल्यावरच्या सुरक्षित वॉर्डात न्यायचे. चालता न येणाऱ्या रुग्णाला चादरीसकट जमिनीवरून ओढत नेता येते. एका माणसाला ते जमते, पण कसे धरायचे ते एकदा करून पाहिलेले हवे. विजेच्या आगीवर पाणी टाकायचे नाही. लाल नळकांड्याची पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या मुळाशी धरायची, दांडा दाबायचा आणि डावी-उजवीकडे फिरवत जायचे. भिंतीवर वर्षानुवर्षे टांगलेले ते नळकांडे आपल्या किती कर्मचाऱ्यांनी एकदा तरी हातात घेतले आहे?

नाशिकच्या घटनेचाही धडा हाच आहे. पाइपमधला ऑक्सिजन थांबला तर भोंगा कोण ऐकणार, सिलिंडरकडे कोण धावणार, कोणत्या रुग्णाला आधी जोडणार आणि तोवर अंबू बॅग कोण दाबणार, याचीही तालीम करता येते आणि केलीच पाहिजे.

येथे एका परिचारिकेची आठवण होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले, तेव्हा अंजली कुलथे यांनी आपल्या वॉर्डातल्या २० गरोदर महिलांना आतल्या पॅन्ट्रीत सुरक्षित हलवले. २०२२ साली त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपला अनुभव सांगितला. अशा प्रसंगावधानाला नमस्कारच केला पाहिजे. परंतु प्रत्येक रात्री, प्रत्येक वॉर्डात अशी एखादी सिस्टर असेलच, या भरवशावर रुग्णालय चालवता येत नाही. साध्या, घाबरणाऱ्या, संसारी माणसालाही योग्य ते करता यावे, यासाठीच प्रशिक्षण असते.

तीस जखमी, दोन डॉक्टर

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या भूकंपानंतर महाराष्ट्रात आपत्ती व्यवस्थापनाची जिल्हावार आखणी सुरू झाली, आणि पुढे २००५ साली देशात आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. भूकंप रोज होत नाही, हे खरे. पण घाटातला अपघात, लग्नाच्या जेवणातली विषबाधा, वऱ्हाडाचा उलटलेला टेम्पो हे आपल्या तालुक्याला नवीन नाही.

अशा वेळी एक कौशल्य सर्वांत मोलाचे ठरते: जखमींची वर्गवारी. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता उपचार न मिळाले तर जाणारा. पिवळा म्हणजे गंभीर, पण थोडा थांबू शकणारा. हिरवा म्हणजे स्वतः चालू शकणारा. काळा म्हणजे मरण पावलेला, किंवा वाचण्याची आशा नसलेला. दारातच एका जाणत्या माणसाने उभे राहून, प्रत्येकाला अर्धे मिनिट देऊन, मनगटाला रंगाची पट्टी बांधायची. तिथे थांबून टाके घालत बसायचे नाही.

ऐकायला सोपे वाटते, पण मनाला फार अवघड जाते. कारण जो मोठ्याने ओरडतो आहे त्याच्याकडेच आपले पाय वळतात. वास्तविक जो ओरडतो आहे त्याचा श्वास चालू आहे. कोपऱ्यात गप्प पडलेला, पांढराफटक पडलेला माणूस जास्त धोक्यात असतो. ओळखीचा कार्यकर्ता ‘आमच्या माणसाला आधी बघा’ म्हणून हाताला धरतो, तेव्हा त्याला बाजूला सारून त्या गप्प माणसाकडे जाणे, हे सरावाशिवाय जमत नाही.

साप आणि विंचू

आपल्या भागात पावसाळा म्हणजे सर्पदंशाचा हंगाम. २०२४ साली केंद्र सरकारने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला; २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. हे उद्दिष्ट गाठले जाईल ते प्राथमिक आरोग्य केंद्रातच. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि ते गोठते का ते पाहायचे, ही तपासणी तिथल्या सिस्टरलाही करता येते. प्रतिविष देताना रिॲक्शन आली तर लगेच मांडीच्या स्नायूत ॲड्रिनलिन द्यावे लागते, आणि ते आधीच हाताशी काढून ठेवायचे असते. या रिॲक्शनच्या भीतीनेच पुष्कळदा प्रतिविष न देता रुग्ण पुढे पाठवला जातो आणि वाटेत दगावतो. सराव झालेला असला की ही भीती कमी होते.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि कोकणातले असंख्य जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे काम लहान गावातले, साध्या खाटेवरचे. पण त्या ज्ञानाचा उपयोग झाला तो गावोगावच्या डॉक्टरांनी ते शिकून घेतले म्हणून. औषध कपाटात असणे आणि ते वेळेवर देणारा हात असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अडचणी कोणत्या?

सरकारी रुग्णालयांत जागा रिकाम्या असतात. कंत्राटी कर्मचारी बदलत राहतात. शिकलेली सिस्टर बदलून जाते आणि नवीन येते ती अनोळखी कपाटापुढे उभी राहते. खाजगी दवाखान्यांत कमी पगारावर नुसत्या अनुभवाने शिकलेली मुले काम करतात. त्यांना कोणी प्रशिक्षणाला पाठवत नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे कागदी तालीम. रजिस्टरमध्ये तारीख आणि सह्या असतात, फोटो असतो, पण नळकांड्याची पिन कोणी ओढलेली नसते.

‘कामातून वेळ कुठे आहे?’ असे विचारले जाते. महिन्याला वीस मिनिटे म्हणजे वर्षाला चार तास. एका रुग्णाच्या मृत्यूनंतर दवाखान्यात जो गोंधळ होतो, जी तोडफोड होते, पोलीस येतात, त्यात याहून कितीतरी जास्त वेळ जातो. शिवाय सराव झालेला कर्मचारी घाबरत नाही, आणि तो घाबरला नाही की नातेवाईकही पुष्कळ अंशी शांत राहतात, असा माझा अनुभव आहे.

वाचकांनी काय करावे?

१. आपल्या ओळखीचे कोणी रुग्ण कल्याण समितीवर किंवा पंचायत समितीवर असेल, तर त्यांना सांगा की बैठकीत हे प्रश्न विचारा: शेवटची तालीम कधी झाली? रात्रपाळीचे कर्मचारी तिच्यात होते का? त्यात काय अडले, आणि ते दुरुस्त झाले का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच अडले नाही’ असे आले, तर तालीम कागदावरच झाली असे समजायला हरकत नाही.

२. बाळंतपणासाठी दवाखाना ठरवताना फक्त खर्च आणि खोली पाहू नका. रात्री कोण असते, बाळ रडले नाही तर काय सोय आहे, रक्त कुठून आणणार, हे नम्रपणे विचारा. चांगल्या दवाखान्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

३. स्वतः छाती दाबायला शिका. कोणी कोसळले तर खांदे हलवून हाक मारा. ओ देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, कोपर ताठ ठेवून, जोरात आणि भराभर दाबत राहावे. दमल्यास दुसऱ्याने घ्यावे. तोंडाने श्वास देता आला नाही तरी चालेल. शाळा, तरुण मंडळे आणि महिला बचत गटांनी जिल्हा रुग्णालयाकडे किंवा गावातल्या डॉक्टरांच्या संघटनेकडे याच्या प्रात्यक्षिकाची मागणी करावी.

४. दवाखान्यात तालीम चालू दिसली तर ‘पेशंट सोडून हे काय खेळ चाललेत’ असे म्हणू नका. दहा मिनिटे थांबावे लागले तर थांबा.

५. आणीबाणीच्या वेळी रुग्णाबरोबर एकच नातेवाईक आत राहू द्या. दाराशी आणि जिन्यात गर्दी करू नका. दवाखान्याच्या फाटकात मोटारसायकली लावू नका. त्याच वाटेने १०८ ची गाडी यायची असते.

तहान लागल्यावर विहीर खोदायला घेणारा माणूस तहानेलाच राहतो, हे आपण शेतकऱ्याच्या मुलांना सांगायला नको. गावात नवीन इमारत झाली, नवे मशीन आले की आपण नारळ फोडतो, आणि ते योग्यच आहे. त्याबरोबर दर महिन्याच्या वीस मिनिटांचाही आग्रह धरा. येत्या आठवड्यात रक्तदाब तपासायला गेलात की सिस्टरला सहज विचारून पाहा, ‘सिस्टर, अंबू बॅग कुठे ठेवता हो?’ त्यांनी क्षणाचाही विचार न करता हात करून जागा दाखवली, तर त्यांचे कौतुक करून या. शोधाशोध करावी लागली तरी रागावू नका. तुमच्या विचारण्याने ती पिशवी त्या दिवसापासून जागेवर राहील.